बॉयलरला जनरल शिफ्ट नसते

सोमवार, २४ नोव्हेंबर

काल वर्गात सर म्हणाले, निबंध सुधारायचा असेल तर रोज दहा ओळी लिहा. काहीही लिहा, पण मनातलं लिहा. म्हणून ही वही. आता मनातलं लिहायचं म्हटल्यावर ती कोणाच्या हाती लागून चालणार नाही, आणि आमच्या दोन खोल्यांत तशी जागा सापडणं कठीण. सध्या पिठाच्या डब्यामागे ठेवणार आहे.

सुरुवात स्वतःपासून करा असंही सर म्हणाले. मी रूपा. वय एकोणचाळीस, राहणार कुंभिवली, अंगणवाडीत मदतनीस. दहावी झाली आणि लग्न झालं. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसते आहे. दर रविवारी कर्जतला सतरा नंबरवाल्यांचा वर्ग असतो, तिथे मी सगळ्यांत थोरली. आमच्या सेविका भागूबाई तीस जूनला निवृत्त होणार. मी तोपर्यंत बारावी पास असले तर त्यांची जागा मला मिळेल. नसले तर बाहेरची कोणीतरी येणार आणि मी तिच्या हाताखाली जन्मभर खिचडी ढवळणार. मे महिन्यातला निकाल हवा. दुसरी संधी नाही.

घरात नवरा नरेश, साजगावच्या एका कंपनीत बॉयलरवर आहे, सतरा वर्षं. सासूबाई, म्हणजे मालनबाई. आणि नववीतली स्नेहल, जी मला इंग्रजी शिकवते आणि शिकवताना कपाळावर हात मारते.

घरातले सगळे म्हणतात मी संशयी आहे. मी संशयी नाही. मला दिसतं, एवढंच.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आज एक गोष्ट लक्षात आली आणि डोक्यातून जात नाही.

नरेशची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्ट, सेकंड, थर्ड. सतरा वर्षं आमचं घर त्यावर चालतं. थर्ड असली की दिवसा टीव्ही बंद, सेकंड असली की जेवण दोनदा गरम. दिवाळीनंतर मात्र हा माणूस रोज आठला जातो आणि सातला येतो. विचारलं तर म्हणाला, "सध्या जनरल लावलीय. मेंटेनन्स चालू हाय."

बॉयलरला जनरल शिफ्ट कधीपासून आली? पाणी काय आठ ते सातच उकळतं?

आणखी एक. कंपनीत शिफ्ट संपली की पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा असतो. म्हणजे लॉगबुकात लिहायचं की प्रेशर इतकं, अमुक व्हॉल्व्ह गळतो, तमुक काम बाकी, बाकी ठीक. घेणारा खाली लिहितो, 'चार्ज घेतला', आणि सही करतो. नरेशला ती सवय इतकी लागली की शिफ्टमुळे चुकामूक होणार असली की घरीसुद्धा शेगडीजवळच्या खिळ्याला चिठ्ठी लावायचा. 'गॅस संपत आला. आईला पाठीला तेल लावणे. स्नेहलची फी भरली. बाकी ठीक.' खाली मी सही करावी असा त्याचा हट्ट. मी कधीच केली नाही. त्याच चिठ्ठीने शेगडी पुसायची.

दिवाळीपासून एकही चिठ्ठी नाही. खिळा नुसता आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

संध्याकाळी मी इंग्रजीचे उतारे सोडवत होते. नरेश चहा घेऊन आला. स्वतः करून. समोर बसला आणि म्हणाला, "रूपा, जरा बोलायचं होतं."

मी म्हटलं, "आत्ता नको, हा उतारा होऊ दे."

तो बसून राहिला. उतारा संपायच्या आत त्याच्याच चहावर साय आली. मग उठून गेला.

काय बोलायचं असेल? अभ्यास बंद कर म्हणणार असेल तर ऐकणार नाही. पण खरं लिहायचं तर मी हे सगळं त्याच्या जिवावरच करते आहे. त्याची नोकरी पक्की आहे म्हणून माझी पुस्तकं उघडी आहेत. उद्या ती नसती तर मी त्याच दिवशी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली असती आणि साजगावला पॅकिंगच्या लायनीत उभी राहिले असते. एक दिवससुद्धा थांबले नसते. मी मला ओळखते.

शिकायला बसते त्या कोपऱ्यात उजेड फार कमी आहे. अक्षरं दोन दोन दिसतात.

मंगळवार, २ डिसेंबर

नरेशला विचारलं, "काय बोलायचं होतं परवा?"

"काय नाय गं. स्नेहलच्या सायकलचं."

"काय सायकलचं?"

"हवा."

हवा! त्यासाठी माणूस चहा करतो?

कोपऱ्यात नवा दिवा लागलाय, चांगला मोठा. कोणी सांगितलं नव्हतं. एवढा माझा विचार यांना कधीपासून सुचायला लागला? विनाकारण कोणी गोड वागलं की मला आधी भीती वाटते.

शनिवार, ६ डिसेंबर

लग्नापासून आजवर सहा डिसेंबरला नरेश दादरला गेला नाही असं झालेलं नाही. मी बाळंत असताना गेला, पायाला प्लास्टर होतं तेव्हा गेला. यंदा नाही. म्हणाला, "शनिवारचा ओव्हरटाइम लागला, सुट्टी देईनात."

सकाळी घरातल्या फोटोला हार घातला, हात जोडून बराच वेळ उभा राहिला आणि गेला. त्याचे डोळे लाल होते. सासूबाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या.

कंपनी सतरा वर्षं या दिवशी सुट्टी देत होती. आणि शनिवार-रविवारच ओव्हरटाइम कसा लागतो? गुरुवारची सुट्टी जाऊन सोमवारची कशी झाली? बाबासाहेबांपेक्षा मोठं असं कुठलं काम आहे या माणसाला?

रविवार, १४ डिसेंबर

सहामाहीचे पेपर सरांनी दिले. मराठीत चौऱ्याहत्तर. सर म्हणाले, "तुमच्या लिहिण्यात निरीक्षण आहे." घरी याच गोष्टीला संशय म्हणतात.

त्या आनंदात स्टेशनजवळ एक वडा जास्त खाल्ला. दर रविवारी एक खाते, उभ्या उभ्या, एकटीने. घरी सांगत नाही. चोरी नव्हे ही, पण आठवडाभर सगळ्यांना वाढल्यावर एक वडा असा खावा ज्यात कोणाचा वाटा नाही, असं वाटतं. बेकरीत काचेमागे अननसाची पेस्ट्री होती. बराच वेळ बघत राहिले. आयुष्यात ती कधी खाल्ली नाही. एक घेतली तर चौघांत काय पुरणार, आणि चार घ्यायच्या तर मग माझी अशी कुठली?

येताना मिनीडोर रिक्षातून एका फार्महाऊसच्या आत कोणी दिसला, लांब दांड्याच्या जाळीने पाण्यातली पानं काढत होता. पाठ अगदी नरेशसारखी. आता मला जिथे तिथे तोच दिसायला लागलाय. डोकं ठिकाणावर ठेवायला हवं, दोन महिन्यांवर परीक्षा आली.

मंगळवार, १६ डिसेंबर

नरेशने पेस्ट्री आणली. अननसाची. पांढऱ्या कागदी रुमालात गुंडाळलेली, एकच. स्नेहल क्लासला आणि सासूबाई शेजारी गेलेल्या, तेव्हा माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "कंपनीत वाढदिवस होता. तू खा. एकटीच खा."

बॉयलर हाऊसमध्ये वाढदिवस! तिथे सतरा वर्षांत कोणाला पेढा मिळाला नाही. आणि रुमालावर सोनेरी पान छापलेलं.

अशा वस्तू कोण कोणाला देतं, कोणाबरोबर बसून खातं आणि उरलेली बायकोसाठी आणतं, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. पेस्ट्री खाल्ली. सगळी खाल्ली, बोटंसुद्धा चाटली. तिच्या नावाने शिव्या देत खाल्ली. कोण ती, ते अजून माहीत नाही.

सोमवार, २२ डिसेंबर

आता एकेक करून लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की मला भास होतात.

नरेश घरी आंघोळ करून येतो. पूर्वी दारात आला की कोळशाचा वास यायचा, मोरीत काळं पाणी वाहायचं. आता केस ओले, अंगाला लिंबासारखा वास, आणि त्याखाली दवाखान्यात फरशी पुसतात तसला काहीतरी. हाताची बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. आणि मान भाजून काळी झालीय. सतरा वर्षं ज्याने कामावर ऊन पाहिलं नाही त्याची मान काळी!

शर्टाच्या खिशात साबणाची चपटी वडी निघाली. बिस्किटाएवढी, वेष्टनात. मी सासूबाईंसमोर धरली. त्यांनी हातातून काढूनच घेतली.

"आण इकडं. कंपनीनं दिला आसंल."

"आई, कंपनी साबण देते?"

"देती. पूर्वी गूळ द्यायची."

त्यांना सगळं माहीत आहे. दिवाळीपासून लेकाचे कपडे त्या स्वतः धुतात. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर बादली न उचलणारी बाई! लेकाचं पाप सुनेला दिसू नये म्हणून. शेवटी आई कोणाची?

रविवार, ४ जानेवारी

नरेश मोरीत असताना त्याचा फोन वाजला. 'तेजश्री मॅडम'. मी उचलला. समोरून बाईचा आवाज, शहरी, घाईतला. "नरेश, उद्याची सुट्टी कॅन्सल कर ना प्लीज, फुल आहे." मी ठेवून दिला.

बाहेर आल्यावर विचारलं. म्हणाला, "एचआरच्या मॅडम हायत."

"एचआरच्या मॅडम तुम्हाला प्लीज म्हणतात?"

"नवीन हायत."

उद्या सोमवार, त्याची सुट्टी. बघू जातो का.

सोमवार, ५ जानेवारी

गेला.

इतिहासाचं एक पानही झालं नाही. तेच वाक्य दहा वेळा वाचलं. रडले. मग तोंड धुऊन अंगणवाडीत गेले आणि पोरांकडून बडबडगीतं म्हणून घेतली.

मंगळवार, १३ जानेवारी

वही कोणी वाचतं का, अशी शंका आली. कारण मागे एका पानावर मी लिहिलं होतं की सासूबाई मी वाचायला बसले की हमखास हाका मारतात, आणि हल्ली त्या मारत नाहीत. "आगं बस तू वाचत, भाकऱ्या मी टाकते," म्हणतात. गेल्या सोमवारी रडले असं लिहिलं, तर मंगळवारपासून नरेश घरात चोरासारखा वावरतो.

संशय स्नेहलवर आहे. म्हणून वहीची जागा बदलली, शिवणयंत्राच्या खोक्यात ठेवली, आणि पानांमध्ये कडुनिंबाचं एक पान ठेवलं. उघडली तर पडेल.

शुक्रवार, १६ जानेवारी

पाहिलं. कडुनिंबाचं पान जिथल्या तिथे होतं. उलट ठेवलं त्यापेक्षा हिरवंगार. म्हणजे कोणीही उघडलेली नाही. उगाच पोरीवर आळ घेतला.

निळा पेन सरत आला आहे. परीक्षेला हातात बसेल असा जाड पेन हवा, दोन तरी.

शनिवार, १७ जानेवारी

टेबलावर जाड पेन. दोन. नरेश म्हणाला, कंपनीत वाटले.

या कंपनीत काय काय वाटतात!

मंगळवार, १० फेब्रुवारी

इंग्रजीचा पेपर झाला. बरा गेला. पत्र आणि उतारा पूर्ण, कवितेच्या प्रश्नात देवाला हात जोडायची आपली पद्धत नाही म्हणून सरांना मनातल्या मनात जोडले.

नरेशने सुट्टी काढली होती. गाडीवरून कर्जतला सोडलं. कॉलेजच्या फाटकाशी एवढ्या पोरासोरांत मी एकटी साडीवाली, पाय मागे यायला लागले. तर म्हणाला, "जा गं. हजार पोरात वळखून काढता येशील, हरवायची भीती नाय." तीन तास बाहेर वडाखाली उभा होता. पेपर संपल्यावर वडा खाऊ घातला, स्वतः नाही खाल्ला. मला म्हणाला, "तुज्या वाटणीचा. मला नको त्यात."

माझ्या वड्याबद्दल याला कोणी सांगितलं?

वाटेत एका ठिकाणी त्याने गाडी फार जोरात हाणली आणि तोंड पलीकडे वळवलं. निळ्या फाटकाचं फार्महाऊस होतं.

क्षणभर वाटलं, इतका चांगला माणूस वाईट कसा वागेल? मग वाटलं, वाईट वागणारेच इतके चांगले वागतात.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

पँटच्या खिशात चावी मिळाली. पितळी बिल्ला, त्यावर लिहिलंय, 'कॉटेज ४'.

आता याला कोणती कंपनी म्हणायची? चावी माझ्या पेनांच्या पाऊचमध्ये ठेवली आहे. त्याला विचारलं नाही. तो खिसे चाचपत होता, गाडीची डिकी दोनदा उघडून बघितली. मी भाजी चिरत बघत राहिले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पोरांना खाऊ वाटून झाल्यावर भागूबाईंनी मला आत बोलावलं.

"रूपा, सांगू का नको आसं झालंय. काल तुजा नरेश कर्जत रोडला दिसला. गाडीवर मागं बाई व्हती. पँटवाली. त्या निळ्या फाटकात गेली दोगं."

मी म्हटलं, "बरं."

"बरं काय गं? तू बस आता खाली."

मी बसले नाही. भांडी घासली. सगळी घासली, धुतलेलीसुद्धा.

आता काही उरलं नाही. उद्या मराठीचा पेपर आहे. मी जाणार नाही. सकाळी निघेन पेपरला म्हणूनच, मिनीडोरने निळ्या फाटकाशी उतरेन, आणि कॉटेज चारचं दार याच चावीने उघडेन. बघेन दोघांना. शनिवार आहे, 'ओव्हरटाइम' नक्की असणार.

पेपर बुडाला तर जुलैत पुन्हा देता येतो. तोपर्यंत भागूबाईंच्या खुर्चीत दुसरी बसलेली असेल, माहीत आहे. बसू दे. जिचं घरच हातातून गेलं तिने सेविका होऊन काय करायचं? साडेतीन महिने माझ्या तोंडावर खोटं बोलला. मला त्याचा राग येतोय, आणि त्याहून जास्त राग याचा येतोय की तो वडाखाली उभा होता ते आठवलं की रडू येतं.

वही उद्या बॅगेतच नेते. घरात ठेवायची नाही.

शनि. १४ फेब्रु. वेळ सकाळी ५.४०

चार्ज देणार नरेश. घेणार रूपा.

तू नळावर पाणी भरते आहेस तेवढ्यात लिहितो. हात ओला आहे, अक्षर समजून घे.

बॉयलर १ नोव्हेंबरला बंद झाला. कंपनीने गॅसचा बसवला, तो आपोआप चालतो. आम्ही कोळशावरचे सहाही जण कमी. तेव्हापासून निळ्या फाटकात कामाला आहे. पोहायचा तलाव साफ करणे, खोल्या लावणे, पाहुण्यांचं सामान उचलणे. तलावात औषध असतं, अंग खाजतं, म्हणून आंघोळ करून येतो. पेस्ट्री पाहुण्यांच्या वाढदिवसाची, न कापलेली, उष्टी नाही.

बाई नाही. तेजश्री मॅडम मॅनेजर आहेत. परवा त्यांची गाडी बंद पडली म्हणून मागे बसल्या. चावी खिशात चुकून राहिली. दोन दिवस त्या शोधतात.

३० नोव्हेंबरला तुला सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी भाकरीचं पीठ काढताना वही पडली, उघडी पडली. तू लिहिलं होतंस, नोकरी नसती तर पुस्तकं माळ्यावर. म्हणून बोललो नाही. नंतर पण वाचत राहिलो. ती चूक माझी. कडुनिंबाचं पान वाळून तुटलं होतं, नवीन ठेवलं. शिवणयंत्राच्या खोक्यात तेल आहे, वही तिथे ठेवू नये.

तू काय समजते आहेस ते वाचत होतो. वाचून जेवण जात नव्हतं. तरी वाटलं, परीक्षेपर्यंत समजू दे. कालचं वाचलं आणि आता गप्प बसता येत नाही.

आईला माहीत आहे. तिला बोलू नको, मी शपथ घातली होती.

पेपर ११ ला. १०.३० च्या आत आत. मिनीडोर ८.२०, चुकली तर ८.५०. हॉल तिकीट पुस्तकाच्या पुठ्ठ्यात आहे, पाऊचमध्ये नाही, तू विसरतेस.

भांडण संध्याकाळी कर. मी कुठे जात नाही.

बाकी ठीक.

नरेश

शनिवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळ

८.२० च्या मिनीडोरमध्ये बसले तेव्हा ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, निळ्या फाटकाशी थांबवा. मग नरेशची निघायची वेळ टिपून ठेवावी म्हणून वही उघडली, तर वरचं पान.

पहिल्यांदा राग आला की माझ्या वहीत कोणी लिहिलं. मग वाचलं. परत वाचलं. शेजारच्या बाईने विचारलं, "काय गं, कोन गेलं का?" मी मान हलवली. कोणी गेलं नव्हतं.

इतकी लाज मला जन्मात वाटली नाही. मी त्याच्या सुरकुतलेल्या बोटांवर पानं भरली, आणि ती पाण्याने तशी होतात हे माझ्यासारख्या रोज भांडी घासणाऱ्या बाईला कळू नये? बाबासाहेबांच्या दिवशी तो कोणाच्या तरी बॅगा उचलत होता. जाळीवाली ती पाठ त्याचीच होती. मी रविवार रविवार त्याच्यासमोरून वडा खायला गेले. आणि सर म्हणतात, निरीक्षण चांगलं!

निळ्या फाटकाशी गाडी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, उतरा."

खरं सांगते, उतरावंसंच वाटलं. त्याला बघावं, काहीतरी बोलावं. फाटकातून एक पोरगी ओरडत होती, "अंकल, माझा बॉल पाण्यात गेला," आणि आतून त्याचा आवाज आला, "काढतो, काढतो." एक पाय मी खाली टेकवला होता.

पाय वर घेतला. चावी वॉचमनच्या हातात दिली. "कॉटेज चारची. नरेशला द्या."

"कोनी दिली सांगू?"

"कोणी नाही. सांगा, पेपर अकराला आहे."

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. म्हटलं, "चला. कर्जत, कॉलेज."

पेपरात निबंध होता, अनुभवावर. तीन तास हात थांबला नाही. दोन्ही जाड पेन वापरले.

साडेसहाला नरेश आला. आज आंघोळ न करता. दारातच तो औषधाचा वास आला. चप्पल काढून उभा राहिला, आत येईना. मी जे बोलायचं ते सगळं बोलले, शेजाऱ्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे.

"सतरा वर्षं एवढी आग सांभाळलीत, मला एक वाक्य सांगता आलं नाही तुम्हाला?"

"तू पुस्तकं ठिवली आसतीस."

"ठेवली असती."

"मग?"

त्याचंच मला जास्त रडू आलं.

सासूबाई आतून म्हणाल्या, "भांडा रं भांडा. दिवाळीपासनं घरात कोन भांडलंच नव्हतं, मला गुदमरल्यावानी झालतं." त्यांच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. त्यांनीच माझ्यापुढे भाकरी ठेवली. मी त्यांचे गुडघे चेपून दिले. स्नेहल सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. मग मला विचारलं, "मम्मी, पेपर कसा गेला, ते सांग ना आधी."

नरेशला एकच अट घातली. यापुढे वही चोरून वाचायची नाही. तिला दोरी ओवली आहे. शेगडीजवळच्या खिळ्याला टांगते आहे, सगळ्यांसमोर. आजपासून त्याला खोबरेल मी लावणार, हातापायांना, रोज. अंग खाजतं म्हणजे किती खाजतं ते आज पाहिलं.

पुढचा पेपर बुधवारी, इतिहास. पुस्तकं माळ्यावर जाणार नाहीत.

मीठ संपलं आहे. बुधवारी मिनीडोर मिळाली नाही तर सोडायला यावं. वडा दोन घ्यावेत, एक तुम्ही खायचा. बाकी ठीक.

चार्ज घेतला.

रूपा